रा. रा. ओळखपत्रराव सुपरवायझर यांस

रा. रा. ओळखपत्रराव,
मुक्काम पार्किंग प्लाझा, माजिवडा, ठाणे (पश्चिम)



मे २०२१ च्या अखेरीला तुमचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला, तेव्हा तुमचं पहिलं दर्शन घडलं. चेहरा एका अभिनेत्रीचा आणि हुद्दा पार्किंग प्लाझातल्या कोविड केंद्राच्या सुपरवायझरचा. पत्र तेव्हाच लिहायचं मनात होतं. पण तेव्हा आम्ही लसीच्या रांगेत होतो, आणि रांगेत उभ्या-उभ्या अभिनंदनाची पत्रं लिहिण्याची आम्हा डोंबिवलीकरांना सवय नाही.

अभिनंदन अशासाठी, की इतक्या कमी सेवेत इतक्या वरच्या पदावर कुणी पोचल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. कोविड केंद्रातला खरा सुपरवायझर आम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात प्लास्टिकचा पोशाख चढवायचा, घामाने आत भिजायचं, ऑक्सिजन येतो की नाही म्हणून फोन करत राहायचं आणि गेटवरच्या नातेवाइकांच्या शिव्या खायच्या. तुम्ही यातलं काहीही केलं नाहीत. लॅमिनेशनच्या मशीनमधून गरमागरम बाहेर पडलात आणि थेट आघाडीवर रुजू झालात.

पुढे तुमची फारच परवड झाली म्हणे. लस टोचून घेतानाचा फोटो त्या अभिनेत्रीबाईंनी टाकला, गदारोळ झाला, फोटो उतरला. मग बाईंनी सांगितलं की आपण फक्त आधार कार्ड दिलं होतं, फिरतंय ते ओळखपत्र आपलं नाही. आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, म्हणून त्यांना पत्र नाही. महापालिकेने चौकशी लावली. बोट गेलं ते केंद्राला माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपनीकडे. चौकशीत तुमची भावंडंही निघाली; बातम्यांत आकडा एकवीसचा होता. एवढं भरलं गोकुळ असून तुम्हाला ‘माझं’ म्हणणारं एकही माणूस पुढे येऊ नये, याचं वाईट वाटलं. तेव्हा ज्याचा मालक नाही त्यालाच सगळं ऐकवावं, असं ठरवून हे पत्र थेट तुमच्या नावे.

तुमच्या टायमिंगला मात्र दाद द्यायला हवी. आठवतंय ना? १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली आणि १२ मेला महाराष्ट्रात ती थांबवावी लागली. लस पुरत नव्हती. पंचेचाळिशीपुढची माणसं पहिला डोस घेऊन दुसऱ्यासाठी खोळंबली होती आणि तरुणांसाठी आणलेल्या कुप्या राज्याने त्यांच्याकडे वळवल्या. निर्णय बरोबरच होता. घरातल्या तरुण पोरांनीही फारशी कुरकुर केली नाही. म्हाताऱ्यांचं आधी होऊ दे म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसली. सरकारी केंद्राचं दार तरुणांना बंद असताना आत जायचं, तर एकच वाट उरली होती: गळ्यात तुम्ही असणं.

रांग ठरवणाऱ्यांनी रांग तशी बरी लावली होती, हे आम्ही तुमच्यासमोर मुद्दाम कबूल करतो. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचारी. २ फेब्रुवारीपासून पोलीस, सफाई कामगार, महसूल कर्मचारी वगैरे आघाडीवरचे. १ मार्चपासून साठीच्या वरचे, आणि पंचेचाळिशीच्या वरचे सहव्याधीवाले. त्यासाठी वीस व्याधींची यादी आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र. १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरचे सगळे. ज्याला धोका जास्त, त्याचा हात आधी. यात भांडण्यासारखं काही नव्हतं. पण प्रत्येक पायरीवर तुमच्या कुळातलं कुणी ना कुणी उभं होतं. ३ एप्रिललाच केंद्रीय आरोग्य सचिवांनी राज्यांना लिहिलं, की आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांची नवी नोंदणी बंद करा, कारण पात्र नसलेले लोक यादीत घुसताहेत. आरोग्य कर्मचाऱ्यांची यादी थोड्याच दिवसांत २४ टक्क्यांनी फुगली होती. साथीच्या ऐन भरात देशात एवढे डॉक्टर आणि परिचारिका आठवड्याभरात जन्माला येतात, हा खरं तर वैद्यकीय चमत्कार. त्याचं श्रेय तुमच्या घराण्याला कुणी दिलं नाही.

आता ज्यांच्या आधी तुम्ही आत गेलात, त्यांची ओळख करून देतो. आमच्या मजल्यावर एक आजी आहेत. डोंबिवली पूर्व, पिनकोड ४२१२०१. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, मुलगा परदेशात, घरात एक लँडलाइन आणि एक बटणांचा मोबाइल. साठीच्या वरच्यांना लसीच्या पोर्टलवर नोंदणी न करताही थेट केंद्रावर जाता येत होतं. म्हणजे आजींनी फक्त केंद्रावर जायचं होतं. कोणत्या केंद्रावर, किती वाजता, तिथे लस असेल का, असली तर कोविशिल्ड की कोव्हॅक्सिन, पहिल्या डोसवाल्यांना की दुसऱ्या, एवढी किरकोळ माहिती काय ती नव्हती. ती यायची रात्री, फेसबुकवर किंवा ट्विटरवर, उद्याच्या केंद्रांची यादी म्हणून. आजी साडेआठला जेवून झोपतात. ट्विटरवर त्यांचं खातं नाही, ही त्यांचीच चूक.

आणि टोकन? टोकन पहाटे. उजाडायच्या आत माणसं रस्त्यावर. माणूस बसू शकत नसेल तर त्याच्या जागी पिशवी, पिशवी नसेल तर चप्पल. टोकनं किती मिळणार हे आठ वाजता कळायचं आणि ती संपल्याचं सव्वाआठला. काही टोकनं रांगेत न येता ‘दादांच्या ऑफिसा’तूनच वाटली जातात, अशी बोलवा असायची. आमच्या महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून नगरसेवकच नव्हते, मुदत संपून प्रशासक आलेले. पण टोकनाला आजी-माजी कळत नाही. आमच्या आजींना मात्र एका पहाटे रांगेतल्या एका अनोळखी मुलीने आपल्या पुढे घेतलं म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला पहिला डोस मिळाला.

दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी, असं कागदावर होतं. आजींनी कालनिर्णयवर पेनाने गोल केला. १३ मेला केंद्र सरकारने कोविशिल्डचं अंतर बारा ते सोळा आठवडे केलं. त्यामागे शास्त्र होतं की तुटवडा, त्यावर तेव्हा बरंच बोलून झालं, मी त्यात पडत नाही. पण गोल केलेल्या तारखेला आजी रिक्षा करून केंद्रावर गेल्या आणि नियम बदलल्याचं त्यांना गेटवरच्या पोऱ्याने सांगितलं. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत आधारच्या दोन झेरॉक्स, पहिल्या डोसचा कागद, पाण्याची बाटली आणि चक्कर आलीच तर म्हणून लिमलेटच्या गोळ्या. “फोन केला असता तर आले नसते हो,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा नंबर त्या पहिल्या डोसच्या नोंदीत होता. यंत्रणेला आजींचा नंबर ठाऊक होता. तो फिरवायचा कुणी, हे ठरलेलं नव्हतं. त्याच महिन्यात, ओळखपत्रराव, तुम्हाला मात्र कुठे जायचं, केव्हा जायचं आणि कुणाला भेटायचं हे तंतोतंत माहीत होतं. आम्हाला खरा हेवा वाटतो तो त्याचा. खोटा हुद्दा कुणीही छापेल. कोणत्या टेबलावर तो न निरखता चालेल, ही बातमी फार महाग असते.

तुम्ही प्रकाशात आलात तो आठवडा पुन्हा एकदा काढून बघतो, म्हणजे तुम्ही किती थोरामोठ्यांच्या सोबतीला होतात ते कळेल. २७ मेला केंद्र सरकारने ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी ‘घराजवळ लसीकरण’ केंद्रांची नियमावली काढली: समाजमंदिरात, शाळेत, सोसायटीच्या हॉलमध्ये लस न्या, त्यांना दूर पाठवू नका. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्या, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू होती, आणि घरोघरी लस शक्य नाही असं केंद्र सरकार सांगत होतं. त्याच सुमारास पार्किंग प्लाझात तुमचा सत्कार. ३० मेला कांदिवलीच्या एका सोसायटीत ३९० रहिवाशांनी माणशी १,२६० रुपये मोजून शिबिरात लस घेतली. ते शिबिरच बनावट असल्याचं नंतर उघड झालं. काय जमाना पाहा: ठाण्यात खोट्या कार्डावर खरी लस आणि कांदिवलीत खऱ्या आधारवर खोटी. आणि ३१ मेला सर्वोच्च न्यायालयाने विचारलं की १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी फक्त ऑनलाइन ठेवली, तर ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचं काय. तोवर पोर्टल इंग्रजीत बोलत होतं. मराठी आणि बाकीच्या भाषा त्यानंतर, जूनमध्ये आल्या. लसीकरण सुरू होऊन तेव्हा साडेचार महिने झाले होते. तुम्हाला भाषेची अडचण कधी आली नसावी. ‘सुपरवायझर’ हा शब्द सगळीकडे चालतो.

तुमच्यावर एकट्यावर रोष धरणं बरं नव्हे, म्हणून आमचंही सांगतो. मेच्या पहिल्या आठवड्यात आमच्यातल्याच हुशार मंडळींनी टेलिग्रामवर घंटा लावून ठेवल्या होत्या. स्लॉट उघडला की मोबाइल किणकिणायचा, अंगठे धावायचे, कॅप्चा भरेपर्यंत ‘बुक्ड’. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मिळेना म्हणून पोरांनी पिनकोड बदलून पाहिले आणि शहापूर, मुरबाड सापडलं. मग काय, गाड्या निघाल्या. टिटवाळा, खडवली, वासिंद मागे टाकत शहरातली चकचकीत माणसं प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या दारात. बाहेर गावातले लोक उभे, ज्यांच्या नावावर ते केंद्र होतं. पण स्लॉट गाववाल्यांच्या नावावर नव्हता, तो होता फोर-जीच्या नावावर. ठिकठिकाणी बाचाबाची झाली, स्थानिकांना आधी द्या म्हणून मागण्या झाल्या. त्या गाड्यांतल्या एकानेही खोटं कार्ड दाखवलं नव्हतं. सगळे नियमात बसत होते. फरक एवढाच, की नियम त्यांना आधी वाचायला मिळाला.

ठाण्यात त्याच मे महिन्यात विवियाना मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या-बसल्या लस द्यायची सोय झाली. गुडघे दुखणाऱ्यांना बरंच झालं, अर्थात गाडी असेल तर. ठाण्याचं आणि पार्किंगचं काय नातं आहे कळत नाही: गाड्यांसाठी बांधलेल्या प्लाझात रुग्ण आणि रुग्णांसाठी आलेली लस गाडीत.

आणि ज्यांच्याकडे गाडी राहू दे, ओळखपत्रच नव्हतं? फुटपाथवरची माणसं, वृद्धाश्रमातली, तुरुंगातली, भटके साधू. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने ६ मेला वेगळी कार्यपद्धती काढली. जिल्ह्याच्या कृती दलाने अशी माणसं शोधायची, एखादा अधिकारी नेमायचा, त्याने ओळख पटवायची, मग विशेष सत्र. म्हणजे एकही कार्ड नसलेल्या माणसाला एका डोससाठी अख्खा जिल्हा हलवावा लागत होता. तुम्हाला लागला फक्त कागद, प्लास्टिक आणि दोरी.

आमच्या इमारतीचा वॉचमन घ्या. वय चौतीस-पस्तीस. दुसऱ्या लाटेत मजल्यामजल्यावर पेशंट. दूध, भाजी, औषधाची पाकिटं, ऑक्सिमीटरच्या बॅटऱ्या, सगळं लिफ्टने वर नेऊन दाराशी ठेवणारा हाच. स्ट्रेचर धरायला दोनदा हाच. त्याला कुणी आघाडीचा कर्मचारी म्हटलं नाही, कारण तो खासगी एजन्सीचा. घरकामाच्या मावशींना नाही, त्यांना तर कुठल्याच एजन्सीचं नाव नव्हतं. मावशी कोपर गावातून चालत यायच्या, चार घरं करायच्या, त्यातल्या दोन घरांत आजार येऊन गेलेला. लसीच्या आधीच्या त्या महिन्यांत आम्ही त्यांना सॅनिटायझरने हात धुवायला लावत होतो, हा आमचा त्याग. खरं कार्ड ज्यांच्या गळ्यात हवं होतं ती माणसं ही. पण आघाडीची व्याख्या पगारपत्रकावरून झाली आणि पगारपत्रक ज्याच्या हातात, त्याने तुम्हाला घडवलं.

परदेशातले तुमचे नातलग मात्र नाव काढणारे. जानेवारी २०२१ मध्ये कॅनडातलं एक श्रीमंत जोडपं विमान करून युकॉनमधल्या एका दूरच्या वस्तीत गेलं आणि आपण स्थानिक मोटेलचे कर्मचारी आहोत असं सांगून लस टोचून आलं. तिथल्या मूळनिवासी वृद्धांसाठी लस नेली होती. अर्जेंटिनात ओळखीपाळखीतल्यांना गुपचूप लस दिल्याचं उघडकीला आलं आणि फेब्रुवारीत आरोग्यमंत्र्याला पायउतार व्हावं लागलं. पेरूत तर ४८७ नावांची यादीच बाहेर आली, त्यात एक माजी राष्ट्राध्यक्षही. ब्रिटनमध्ये पहिला मान कॉव्हेंट्रीच्या नव्वद वर्षांच्या एका आजींना मिळाला होता, ८ डिसेंबर २०२० ला. फोटो काढून घेतला त्यांनीही. तो काढून टाकायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

तुम्ही म्हणाल, एकवीस कार्डांनी असा काय फरक पडला? लाखो डोस झाले. मोजून सांगतो. आमच्याकडे लस म्हणजे केवळ प्रकृती नाही, लस म्हणजे लोकल. जून २०२० पासून लोकल अत्यावश्यक सेवेलाच होती, मधले काही महिने सोडले तर. तेव्हाही तुमचे चुलतभाऊ फलाटांवर पकडले जात होते, कुणी हॉस्पिटलचा, कुणी बँकेचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना पास मिळू लागला. डोंबिवलीतल्या तिशीच्या कारकुनाला पहिला डोस मिळाला तो तरुणांसाठी केंद्र पुन्हा उघडल्यावर, जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. चौऱ्याऐंशी दिवसांनी दुसरा, म्हणजे सप्टेंबरचा मध्य. वर चौदा दिवस. सप्टेंबर संपत आला तेव्हा हा गडी गाडीत चढला. तोवर सहा आठवडे शिळफाट्यावरून बसने, जायला अडीच तास आणि यायला रस्त्याच्या मर्जीने. त्याच्या आधी दोन डोस उरकून बसलेले पास काढून खिडकीत. कुणी नशिबाने, कुणी पैशाने, कुणी तुमच्या कृपेने.

आणि एक आमच्याच गावचा. तेहतीस वर्षांचा, जहाजावरचा अभियंता. एप्रिल २०२१ मध्ये बोटीवर निघाला, तेव्हा त्याच्या वयाला लस खुली नव्हती. त्याने खटपट केली, मिळाली नाही, असं पालिका आयुक्तांनीच नंतर सांगितलं. नोव्हेंबरच्या अखेरीस केपटाउनहून परतला आणि ४ डिसेंबरला जाहीर झालं की महाराष्ट्रातला ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण डोंबिवलीचा, लसीचा एकही डोस न घेतलेला. दोन दिवस टीव्हीवर आमच्या गावाचं नाव गाजलं. लस न घेता हिंडतात कसे, म्हणून स्टुडिओतून विचारणा झाली. तो बरा होऊन घरी गेला, नेमका त्याच्या वाढदिवशी. खोटं ओळखपत्र करून घ्यावं, असं त्या भल्या माणसाला सुचलं नाही. महिनोन्‌महिने बंदरोबंदरी फिरणारा माणूस आघाडीवरचा नाही आणि तुम्ही आहात, हा हिशेब कुणी लावला, तेवढं तुम्हीच समजावून सांगा. तुम्ही सुपरवायझर.

आमचं मागणं फार नाही. पुन्हा कधी लसीची रांग लागली, मग ती कशाचीही असो, तर प्रत्येक केंद्राच्या दारावर एक फळा लावा. आज किती डोस आले, कोणत्या गटातल्या किती जणांना गेले, किती उरले. रोज संध्याकाळी खडूने. नावं नकोत, नुसते आकडे. माजिवड्याच्या दारावर त्या मेमध्ये असा फळा असता आणि त्यावर ‘सुपरवायझर’ अशी एकवीसची रास दिसली असती, तर रांगेतल्या कुणीही विचारलं असतं: एवढे सुपरवायझर, तर मग काम कोण करतंय? आणि उद्याची यादी रात्री ट्विटरवर टाकायची तर खुशाल टाका, पण त्याआधी संध्याकाळी ती रेशन दुकानावर, देवळाच्या भिंतीवर आणि रिक्षा स्टँडवर चिकटवा. ज्यांनी रांगेत पुढे यावं असं तुम्हाला वाटतं, त्यांना रांग कुठे आहे ते आधी सांगा.

हे मागणं तुमच्याकडे कशाला, असं वाटेल. पण बाकी सगळ्या टेबलांवर अर्ज आधीच देऊन झालेत, आणि आत कुणाशी बोलायचं हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
टोकन न मिळालेला एक डोंबिवलीकर

ता. क. तुमची गळ्यातली दोरी आता रिकामी असेल तर पाठवून द्या. आमचा वॉचमन अजून किल्ल्या सुतळीत बांधून फिरतो.